केसपेपरच्या आधी श्वास मोजा

छातीत दुखते म्हणून रात्री अडीच वाजता कॅज्युअल्टीत आणलेल्या माणसाची पहिली गाठ कोणाशी पडते? बहुतेक ठिकाणी दारावरच्या सिक्युरिटीवाल्याशी आणि मग केसपेपरच्या खिडकीशी. नाव, वय, पत्ता, मोबाईल नंबर, मेडिक्लेम आहे का, सोबत कोण आहे. नातेवाईक खिडकीशी उभे आणि रुग्ण बाकावर बसलेला. त्याच्या कपाळावर सुटलेला घाम तेवढ्या वेळात कोणी पाहिलेलाच नसतो.

पुण्यात रुग्णालयांचा विषय निघाला की बोलणे खाटांवर जाते, व्हेंटिलेटरवर जाते आणि २०२५ मध्ये उपचाराआधी मागितल्या जाणाऱ्या अनामत रकमेवरून उठलेल्या वादळानंतर त्या रकमेवर जाते. हे प्रश्न खरे आहेत. पण तातडीच्या विभागात अनेकांच्या जगण्यामरण्याचा निकाल पहिल्या दहा मिनिटांत लागतो आणि त्या दहा मिनिटांचा हिशेब कोणी मागत नाही. तो मागायला हवा. ज्या रुग्णालयाने दारावर ‘२४ तास तातडीची सेवा’ अशी पाटी लावली आहे, तिथे केसपेपर निघण्याच्या आधी प्रशिक्षित सिस्टरने रुग्ण पाहिलाच पाहिजे. काही ठरावीक गोष्टी डॉक्टरची वाट न पाहता सुरू करण्याचा लेखी अधिकार तिला हवा. आणि नोंदणीचे नूतनीकरण करताना महापालिकेने इमारतीच्या कागदांबरोबर या वेळाही तपासल्या पाहिजेत.

दारातल्या या छाननीला ट्रायाज म्हणतात. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे थोडा वेळ थांबू शकेल असा, हिरवा म्हणजे बसून थांबू शकेल असा. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. नाडी, रक्तदाब, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, ताप, श्वासाची गती, आणि रुग्ण शुद्धीवर आहे की बरळतो आहे याचा अंदाज. गुंगी, फिट, अशक्तपणा किंवा मधुमेह असेल तर ग्लुकोमीटरने शुगर. सरावलेल्या हाताला हे सारे तीन-चार मिनिटांत जमते.

यातली सर्वांत दुर्लक्षित मोजणी श्वासाची. नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजनचे आकडे मॉनिटर आपोआप देतो. श्वास मोजायला मात्र कोणीतरी अर्धा मिनिट उभे राहावे लागते, म्हणून त्या रकान्यात अनेकदा सवयीने १८ किंवा २० हा आकडा पडतो. वास्तविक रुग्ण ढासळू लागला की श्वासाची गती सहसा सर्वांच्या आधी वाढते. रक्तदाब पुष्कळदा शेवटी पडतो, कारण तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून तो बराच वेळ सांभाळून धरते. मिनिटाला २५ च्या वर श्वास असलेला मोठा माणूस बोलत असला, हसत असला तरी लालमध्ये धरावा. मोजायची एक साधी युक्ती आहे. श्वास मोजतो आहोत हे कळले की माणूस आपोआप तो बदलतो, म्हणून नाडी पाहतो आहोत अशा बेताने मनगट धरायचे आणि नजर पोटाच्या हालचालीवर ठेवायची. ३० सेकंद मोजून दुप्पट करायचे. श्वास अनियमित असेल तर पूर्ण मिनिट.

याचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, दोन दिवस उलट्या, पोटात दुखते आणि आता धाप लागली आहे. ऑक्सिमीटर ९९ दाखवतो. परीक्षेचे दिवस असतील तर ‘टेन्शन घेतलंय’ असे म्हणून तिला कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावले जाते. हा खोल, वेगवान श्वास मधुमेहातल्या कीटोॲसिडोसिसचा असू शकतो. रक्तात साचलेले आम्ल बाहेर टाकायची शरीराची ती धडपड असते आणि पिशवी नेमकी तीच अडवते. बोटातून रक्ताचा एक थेंब काढून शुगर पाहिली असती तर मिनिटभरात संशय आला असता.

आता छातीत दुखण्याकडे येऊ. इथे आपल्याकडची सर्वांत महाग चूक एका शब्दात लपलेली आहे: पित्त. छातीच्या मध्यावर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, मळमळ हे चित्र सगळ्यांना पाठ आहे. पण मधुमेही, वयस्क आणि बऱ्याच स्त्रिया असे दुखणे सांगतच नाहीत. त्यांना नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखे होते, पोटाच्या वरच्या भागात जळजळते. म्हणून नियम डॉक्टरच्या अंदाजावर ठेवू नये. तिशी उलटलेल्या कोणालाही बेंबीपासून जबड्यापर्यंत कुठेही दुखत असेल, किंवा कारण न कळणारा दम किंवा घाम असेल, तर दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढून तो वाचलेला असावा. काढलेला आणि वाचलेला यांत फरक आहे. ईसीजीची पट्टी केसपेपरला टाचून ठेवली आणि आरएमओ (ड्युटीवरचे निवासी डॉक्टर) दुसऱ्या मजल्यावर आहेत, तर दहा मिनिटांचा नियम पाळला गेलेला नाही.

पहिला ईसीजी साफ आला म्हणून घरी पाठवणे ही दुसरी चूक. दुखणे चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढायचा. हृदयाच्या स्नायूला झालेली इजा दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी लवकर केली तर नकारात्मक येऊ शकते, म्हणून काही तासांनी तीही पुन्हा करायची. तिसरी चूक घरातच घडते. अनेक पुणेकर घरांत सॉर्बिट्रेटची गोळी ‘हार्टची गोळी’ म्हणून ठेवलेली असते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दिली जाते. हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला असेल आणि उजवा कप्पाही त्यात सापडला असेल, तर या गोळीने रक्तदाब धाडकन कोसळतो. म्हणूनच ईसीजीत दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ लीडमध्ये, म्हणजे हृदयाचा खालचा भाग दाखवणाऱ्या नोंदींत, बदल दिसले की छातीच्या उजव्या बाजूचा लीडही पाहायचा आणि तोवर सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गोळीला हात लावायचा नाही. ॲस्पिरिनचे तसे नाही. झटका असल्याचे दिसले आणि रक्तस्राव किंवा ॲलर्जीचा धोका नसला, तर ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्यायचे. गिळून नाही, चावून, कारण तसे ते लवकर रक्तात उतरते.

इथून पुढे भूगोल आडवा येतो. शहरात कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, जवळ आहे, पण रात्री तिथला चमू घरून बोलवावा लागतो. विसर्जनाच्या दिवशी पेठांतले रस्ते बंद असतात. वेल्हे, मुळशी किंवा जुन्नरच्या रुग्णाला पुण्यात पोचायलाच दोन तास लागू शकतात. मान्य हिशेब असा आहे: त्याच रुग्णालयात अँजिओप्लास्टी करायची असेल तर दारात आल्यापासून ९० मिनिटांत रक्तवाहिनी उघडलेली हवी. दुसरीकडे पाठवून ती १२० मिनिटांत उघडणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध अर्ध्या तासात आहे तिथेच द्यायचे आणि मग रुग्ण हलवायचा. ‘पुण्याला न्या’ एवढेच सांगून गाडीत बसवणे म्हणजे हृदयाचा स्नायू वाटेत मरू देणे. ग्रामीण रुग्णालयात हे औषध आहे का आणि ईसीजी फोनवर पाहून ‘द्या’ असे ठामपणे सांगणारा कोणी जबाबदार डॉक्टर रात्री उपलब्ध आहे का, हे प्रश्न जिल्हा परिषदेच्या आणि आरोग्य खात्याच्या बैठकीत विचारले गेले पाहिजेत.

पक्षाघाताबाबत थोडक्यात. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे यांपैकी काहीही झाले की आधी शुगर, कारण शुगर उतरली तरी हुबेहूब असेच चित्र दिसते. मग थेट सीटी स्कॅन. साडेचार तासांच्या आत गुठळीचे औषध देता येते, पण घड्याळ कधी सुरू होते याबाबत गल्लत होते. सकाळी सहाला उठताना हात हलेना, तर वेळ सहाची धरायची नाही. रात्री दहाला झोपताना तो धड होता, म्हणून दहाची धरायची. नातेवाइकांना विचारायचा प्रश्न ‘कधी झालं?’ हा नसून ‘शेवटचा धड कधी पाहिला?’ हा आहे. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीही द्यायचे नाही. आणि रक्तदाब २०० दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवून तो झटकन उतरवणे धोक्याचे, कारण मेंदूचा अडलेला भाग त्याच दाबावर तगून असतो.

पुण्याच्या पावसाळ्याचे आणि त्यानंतरच्या महिन्यांचे वेगळे प्रकरण आहे. डेंगीच्या दिवसांत सारे शहर प्लेटलेटचे आकडे मोजत बसते. सोसायटीच्या ग्रुपवर ‘अर्जंट प्लेटलेट हवेत’ असे निरोप फिरतात. माणूस मात्र बहुधा प्लेटलेटमुळे दगावत नाही. तो रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपल्याने दगावतो आणि हे झिरपणे ताप उतरू लागतो त्या सुमारास होते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. घरच्यांना वाटते, ताप गेला, बरे झाले. नेमके तेव्हाच पोटात सतत दुखणे, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती किंवा चिडचिड दिसली तर तो रुग्ण हिरव्यात बसवायचा नाही. ट्रायाजच्या टेबलावर एक वजाबाकी करायची: वरच्या रक्तदाबातून खालचा वजा. १०० आणि ८४ अशी नोंद पाहून ‘बीपी ठीक आहे’ म्हणणारा फसला, कारण फरक २० च्या आत आला म्हणजे शॉक, अर्थात अवयवांना रक्त अपुरे पडणे, सुरू झाला आहे. तेव्हा मोठ्या माणसाला किलोमागे ५ ते १० मिलिलिटर या मापाने तासाभरात सलाईन, मग पुन्हा तपासणी आणि हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) पाहून पुढचे प्रमाण. सरसकट भरपूर सलाईन लावून ठेवले तर झिरपणे थांबल्यावर तेच पाणी फुप्फुसात उतरते. रक्तस्राव नसताना केवळ आकडा पडला म्हणून प्लेटलेट चढवण्याने सहसा फायदा होत नाही. रक्तपेढीच्या दारात धावणाऱ्या नातेवाइकांना हे कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचा, म्हणजे नसांवर हल्ला करून स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराचा, उद्रेक झाला आणि संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. त्या उद्रेकाने दारातल्या तपासणीचा एक धडा दिला. पायांना मुंग्या आणि चालताना अशक्तपणा, एवढीच तक्रार घेऊन येणारा रुग्ण बाकावर बसलेला बरा दिसतो. या आजारात श्वासाचे स्नायू थकत जातात आणि ऑक्सिमीटर मात्र शेवटपर्यंत ९७-९८ दाखवत राहतो. त्यापेक्षा रुग्णाला एक खोल श्वास घेऊन त्या एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला लावावे. तो २० च्या आत थांबला तर त्याची जागा अतिदक्षता विभागात आहे. उशीवरून मान उचलता येत नसेल तरी तेच. या चाचणीला एक पैसा लागत नाही.

औषधांच्या ट्रॉलीचेही पाहा. गांधीलमाशी चावल्यावर, शेंगदाणे खाल्ल्यावर किंवा इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठून घसा आवळला किंवा रक्तदाब पडला, तर पहिले औषध ॲड्रेनॅलिन आहे. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एकास हजारच्या द्रावणाचे अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. आपल्याकडे हात आधी ॲव्हिल (ॲलर्जीचे इंजेक्शन) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) यांकडे जातो. ती औषधे वाईट नाहीत, पण ती घसा उघडत नाहीत आणि पडलेला रक्तदाब उचलत नाहीत. ॲड्रेनॅलिनच्या ॲम्प्यूलवर मोठ्या अक्षरात ‘मांडीत, अर्धा मिली’ अशी चिठ्ठी लावली तरी भीती कमी होते.

कायद्याबद्दल आता बोलायला हवे, कारण दारातली दहा मिनिटे खिडकीशी अडण्याचे मूळ पुष्कळदा पैशाच्या भीतीत असते. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने जखमी माणसाला आधी वाचवायचे, पोलिसी सोपस्कार नंतर. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने ठरवले की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार नाकारणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खालच्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात, आणि तातडीच्या रुग्णाला दाखल करून तो स्थिर होईपर्यंत उपचार द्यावे लागतात. पुण्यातली अनेक नामांकित रुग्णालये या योजनेत येतात. नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांत रुग्ण हक्कांची सनद लावायची अट आहे. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ पासून केंद्र सरकारची सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतची कॅशलेस योजना आहे.

तरतुदी आहेत. पण ‘स्थिर करणे’ म्हणजे नेमके काय, हे दारावर कोणी मोजत नाही. म्हणून मोजता येतील अशा चारच वेळा महापालिकेने प्रत्येक कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये बंधनकारक कराव्यात: रुग्ण दारात आला ती, सिस्टरने रंग ठरवला ती, ईसीजी वाचला गेला ती आणि पहिले जीवरक्षक औषध दिले ती. नोंदणीचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी होते. तेव्हा अग्निशमनाच्या दाखल्याबरोबर या चार रकान्यांचे गेल्या तीन महिन्यांचे आकडे मागावेत आणि वेबसाइटवर टाकावेत. नागरिकाला ते वाचून निवड करता येईल आणि १०८ च्या रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरलाही.

सिस्टरच्या अधिकाराला सर्वाधिक विरोध डॉक्टरांकडूनच होतो, तो समजून घेण्यासारखा आहे. चूक झाली तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न. उत्तर लेखी स्थायी आदेशात आहे. वैद्यकीय अधीक्षकाने सही केलेल्या एका पानावर एवढेच असावे: लाल रुग्णाला केसपेपर नसतानाही आत घ्यायचे, ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल तर लावायचा, सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, रुग्णात मात्र ८८ ते ९२ वर थांबायचे, ईसीजी काढायचा, शुगर ७० च्या खाली आणि रुग्ण गुंगीत असेल तर शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिलिलिटर, ॲलर्जीच्या झटक्यात वर सांगितलेले ॲड्रेनॅलिन. आज हीच कामे रात्री सिस्टरच करतात, फक्त कोणाच्या तरी तोंडी आज्ञेवर आणि दहा-पंधरा मिनिटे उशिरा. अधिकार लेखी झाला तर जोखीम वाढत नाही, ती तिच्या एकटीच्या डोक्यावरून उतरते. मधुमेहावरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे शुगर उतरलेल्या रुग्णाला शुद्धीवर येताच घरी सोडायचे नाही, ती काही तासांनी पुन्हा उतरते, हेही त्याच पानावर हवे. ही चूक फार वेळा होते.

दुसरा आक्षेप छोट्या नर्सिंग होमचा. वीस खाटांच्या रुग्णालयात रात्री एक आयुष पदवीधर आरएमओ आणि दोन सिस्टर असतात, त्यांनी हे कसे करायचे? त्यांच्यावर कॅथलॅबची अपेक्षा नाही. पण दारावरची पाटी खरी हवी. रात्री काय आहे ते तिच्यावर लिहावे: ईसीजी आहे, सीटी नाही, व्हेंटिलेटर नाही. शहरातल्या कॅज्युअल्टी तीन पायऱ्यांत विभागाव्यात. नवले पुलाजवळच्या अपघातातल्या जखमीला सीटी नसलेल्या ठिकाणी नेऊन तासभर घालवण्यापेक्षा पहिल्याच फेरीत योग्य दारात पोचवणे स्वस्त पडते. आणि रेफर करणाऱ्याने आधी फोन करावा. नुसते ‘ससूनला न्या’ म्हणू नये. १८६७ पासून उभे असलेले ते रुग्णालय सारा जिल्हा आणि शेजारच्या जिल्ह्यांचा भार वाहते. तिथे न कळवता आलेला लाल रुग्ण पुन्हा दारातल्या गर्दीत मागे पडतो. चिठ्ठीवर निदानाच्या आधी लक्षणे सुरू झाल्याची वेळ, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, ताप आणि श्वास यांचे शेवटचे पाच आकडे, दिलेली औषधे वेळेसह आणि फोनवर बोललेल्या डॉक्टरचे नाव हवे.

तिसरी भीती मारहाणीची. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तरी भीती जात नाही. भांडण पुष्कळदा ‘आमच्या नंतर आलेल्याला आधी का घेतले’ यावरून पेटते. रंगाची पट्टी मनगटावर असेल, भिंतीवर तिचा अर्थ मराठीत लिहिलेला असेल आणि सिस्टरने एक वाक्य सांगितले असेल, की तुमच्या वडिलांना हिरवी पट्टी आहे, तासाभरात डॉक्टर पाहतील, मी अर्ध्या तासाने पुन्हा बीपी घेते, तर राग बराच निवळतो. अट एवढीच की अर्ध्या तासाने ती खरोखर आली पाहिजे. हिरव्या पट्टीचा माणूस तासाभरात लाल होऊ शकतो: पोटात दुखणारी तरुणी, जिची गर्भधारणेची लघवीची तपासणी राहून गेली, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आजोबा, ज्यांना पडल्यावर ‘नुसतं टेंगूळ’ आले होते, वृषणात दुखते हे लाजेने पोटदुखी म्हणून सांगणारा मुलगा, ज्याच्या हातात सहा तास असतात. बाकांच्या रांगेतून दर अर्ध्या तासाने फेरी मारणारी एक सिस्टर, तिच्या हातात ऑक्सिमीटर, बीपीचा पट्टा आणि घड्याळ. तिच्या पगाराची तरतूद महापालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात कमला नेहरू रुग्णालयापासून सुरू करता येईल.